लाल मुंगीची ओळखपरेड

(शिरड शहापूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लाल मुंगी नावाची एकच जात नाही, हे आधी सांगून टाकतो. औंढा आणि वसमत यांच्या मधल्या या काळ्या रानात आपण ज्यांना सरसकट लाल मुंग्या म्हणतो, त्या वेगवेगळ्या जातींच्या आहेत. त्यांतल्या काहींच्या शाखा तर डायनासोरांच्या काळातच फुटलेल्या आहेत. गव्हाच्या कोठीत शिरणारी लाल, हळदीच्या गादीवाफ्यावर पाय पडताच पोटरीवर चढणारी लाल, बाभळीच्या खोडावरून एकेकटी फिरणारी लाल आणि पहिल्या पावसानंतर भुईमुगाच्या मुळाशी सापडणारीही लाल. या सगळ्यांवर आपण एकच पावडर भुरभुरतो आणि उपाय लागू पडला नाही की पावडरीला शिव्या देतो.

हा विषय मी दिला तेव्हा व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी फोनवर पुन्हा विचारून खात्री करून घेतली. त्यांचं चुकलं नाही. स्मृतिव्याख्यानाला संतवाङ्मय, सहकार, पाणी असे भारदस्त विषय लागतात. पण ज्या गावात जैन तीर्थंकर मल्लिनाथांचं मंदिर आहे, त्या गावात मुंगीवर तासभर बोलायला संकोच वाटायचं कारण नाही. मुंगीचं वर्गीकरण या गावाला नवीन नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात सजीवांची मांडणी इंद्रियांच्या संख्येवरून केलेली आहे. वनस्पतीला एक इंद्रिय, कृमीला दोन, मुंगीला तीन, भुंग्याला चार आणि माणसाला पाच. मुंगीची तीन म्हणजे स्पर्श, रस आणि घ्राण. डोळ्यांचा मान भुंग्यापासून पुढे.

आजचा कीटकशास्त्रज्ञ यावर लगेच हरकत घेईल. बहुतेक मुंग्यांना डोळे असतात, काहींना तर फार चांगले असतात. हरकत बरोबर आहे. तरी मला या जुन्या मांडणीचं कौतुक वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. मुंगी आणि भुंगा यांच्यातला फरक सांगताना त्या माणसांनी रंग धरला नाही, आकारही धरला नाही. तो जीव जगाशी व्यवहार कशाने करतो, हे धरलं. मुंगीच्या बाबतीत तो व्यवहार मुख्यतः वासाचाच आहे. वाट आखायची, घरची-परकी ओळखायची, धोक्याची वर्दी द्यायची, मेलेलीला बाहेर काढायचं, सगळं वासावर. ‘लाल मुंगी’ या आपल्या आजच्या वर्गवारीपेक्षा ती मांडणी शास्त्राला जास्त जवळची आहे, असं माझं मत आहे.

रंग इतका बेभरवशाचा का, त्याचं एक उदाहरण देतो. कोकणात आंब्याच्या पानांची घरटी शिवणारी मुंगी तुम्ही पाहिली असेल; तिकडे तिला ओंबील म्हणतात. गडचिरोलीच्या जंगलगावांत तिची चटणी करतात. शास्त्रीय नाव इकोफिला स्मॅराग्डिना. आपल्याकडे ती नारिंगी-लाल असते. तीच जात उत्तर ऑस्ट्रेलियात गेली की तिचं पोट हिरवं असतं, आणि तिथले लोक तिला हिरवी मुंगी म्हणतात. दुसरं उदाहरण घरातलं. काळी मुंगी कोशातून नुकतीच बाहेर पडते तेव्हा फिकट, पिवळसर असते. रंग नंतर चढतो. वारूळ उकरून मुंग्यांचे रंग बघणाऱ्याला एकाच घरात दोन जाती दिसायला लागतात!

मग ओळखायचं कशावरून? कंबर, शृंगिका म्हणजे मिशा, आणि डोकं. एवढ्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. शाळेच्या प्रयोगशाळेत ते असतंच.

मुंगीची छाती आणि पोट यांच्यामध्ये बारीक कंबर असते आणि त्या कंबरेवर गाठी असतात. एक गाठ असेल तर एक घराणं, दोन असतील तर दुसरं. आपला काळा मोठा मुंगळा, ज्याला काही गावांत डोंगळा म्हणतात, तो एका गाठीचा. त्याला नांगी नसते. तो जबड्याने चावतो आणि पोटाच्या टोकाकडून जखमेवर फॉर्मिक आम्ल सोडतो. घरात आणि शेतात छळणाऱ्या लाल मुंग्या बहुतेक दोन गाठींच्या असतात. त्यांचं उपकुल मिर्मिसिनी. यांच्यात नांगी असते. ‘मुंगी चावली म्हणजे फॉर्मिक आम्ल, त्यावर खायचा सोडा लावा’ हे आपण शाळेत शिकलो, ते मुंगळ्याला लागू आहे. शेतातल्या लाल मुंगीला नाही. तिचं विष वेगळ्याच रसायनांचं बनलेलं आहे आणि सोड्याने ते निष्प्रभ होत नाही.

आता मूळ आरोपीकडे येतो. गादीवाफ्याच्या कडेला, बांधावर, क्रिकेटच्या मैदानाच्या कोपऱ्यात भुसभुशीत मातीचा पसरट ढीग दिसतो, त्याला अनेक भोकं असतात. काडी घातली की क्षणात शेकडो मुंग्या वर येतात आणि काडीवर चढतात. या मुंग्या एका मापाच्या नसतात. काही जेमतेम तीन मिलिमीटरच्या, काही त्यांच्या दुपटीच्या, आणि मधली सगळी मापं. मोठ्यांचं डोकं अंगाच्या मानाने अवजड, चौकोनी, मागच्या बाजूला मधोमध खाच पडून दोन भाग झालेलं. भिंगाखाली शृंगिका मोजल्या तर दहा पेरं भरतात आणि टोकाची दोन पेरं जाड होऊन गदेसारखी दिसतात. छातीच्या मागच्या भागावर काटे नाहीत. एवढं जुळलं की ती सोलेनोप्सिस जेमिनाटा. जगात तिला उष्ण कटिबंधातली आगमुंगी म्हणतात. ती डसते तेव्हा आधी जबड्याने कातडी धरते, मग पोट वाकवून नांगी मारते, आणि तोंडाची पकड न सोडता पुन्हा मारते. म्हणून एकाच मुंगीच्या डंखाचे ठिपके कधी कधी जवळजवळ दिसतात.

ही मुंगी आपली नाही. ती अमेरिकेची आहे.

कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियसने 1804 मध्ये तिचं वर्णन केलं ते मध्य अमेरिकेतल्या नमुन्यावरून. ती जगभर कशी पसरली, याचा जनुकीय माग काही वर्षांपूर्वी काढला गेला आणि 2015 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या देशांतल्या मुंग्यांचे जनुक ताडून पाहिले तर धागा मेक्सिकोच्या नैर्ऋत्य भागाकडे, अकापुल्कोच्या परिसराकडे जातो. अकापुल्को ते मनिला ही स्पॅनिश गलबतांची वाट 1565 पासून अडीचशे वर्षं चालू होती. रिकाम्या गलबताला वजन म्हणून तळाशी माती भरत, आणि माल चढवायच्या बंदरात ती माती ओतून टाकत. मातीत मुंग्या. मनिलाहून पुढे आशियाच्या बंदरांत त्या पोचल्या. म्हणजे मिरची ज्या काळात समुद्र ओलांडून जगभर फिरायला लागली, त्याच काळात ही तिखट पाहुणीही निघाली. मिरचीला आपण घरात घेतलं. हिने परवानगी विचारली नाही.

या कथेत मराठवाड्याचा एक माणूस आहे. मराठवाड्याचा म्हणजे काही वर्षांपुरता. टॉमस जर्डन हा कंपनी सरकारचा सर्जन. 1836 मध्ये मद्रासला उतरला, घोडदळाच्या तुकडीबरोबर जालन्याला आला आणि तिथे छावणीत राहून दख्खनचे पक्षी टिपत बसला. पुढे ‘बर्ड्स ऑफ इंडिया’ या ग्रंथामुळे त्याचं नाव झालं. पक्षीवाले त्याला मानतात. मुंगीवाले मात्र त्याच्याकडे हात जोडून आणि कपाळाला हात लावून, अशा दोन्ही तऱ्हेने बघतात. 1851 मध्ये मद्रासच्या एका नियतकालिकात त्याने दक्षिण हिंदुस्थानातल्या मुंग्यांची यादी छापली. त्या यादीत त्याने एका मुंगीला नाव दिलं अट्टा रूफा. रूफा म्हणजे लाल किंवा तांबूस. त्याला ती इथलीच, नवीन जात वाटली. पुढच्या अभ्यासकांनी ताडून पाहिलं तेव्हा ती फॅब्रिसियसचीच अमेरिकन मुंगी निघाली. ‘रूफा’ हे नाव पुढे बराच काळ उपजातीचं म्हणून वापरात राहिलं, मग समानार्थी नावांच्या यादीत जाऊन पडलं. जर्डनला मी दोष देत नाही. 1851 सालापर्यंत ती इतकी रुळली होती की कुठल्याही हुशार माणसाला ती इथलीच वाटावी.

कपाळाला हात का, ते शेवटी सांगतो.

या मुंगीचं जगणं बघायला पावसाळ्याची सुरुवात चांगली. पाऊस पडून उघडीप मिळाली की वारुळातून पंखवाल्या माद्या आणि नर बाहेर पडतात, हवेतच मीलन होतं. नर संपतात. मादी जमिनीवर उतरते, पंख स्वतःच मोडून टाकते आणि ओल्या मातीत छोटं बीळ करून आतून बंद करून घेते. यानंतर कित्येक दिवस ती काही खात नाही. उडण्यासाठी वापरलेले छातीतले स्नायू आता तिच्या शरीरातच विरघळतात आणि त्यावर पहिली पिल्लं पोसली जातात. म्हणून पहिल्या तुकडीतल्या कामकरी मुंग्या अगदी लहानखुऱ्या, नाजूक निघतात. त्या बाहेरून अन्न आणायला लागल्या की घर वाढतं. मोठ्या डोक्याच्या मुंग्या खूप नंतर येतात, घरात खाणाऱ्यांची संख्या पुरेशी झाल्यावर.

आणि हे मोठं डोकं लढाईसाठी नाही, असं सांगितलं की लोकांना पटत नाही. ते दळणासाठी आहे. ते डोकं जवळजवळ सगळं जबड्याच्या स्नायूंनी भरलेलं असतं. गवताचं, तणाचं बी फोडून त्याचा भरडा करणं हे त्यांचं काम. वय झालेल्या मोठ्या मुंगीच्या जबड्याचे दात झिजून गुळगुळीत झालेले सापडतात. गंमत अशी की एवढं दळूनही प्रौढ मुंगीला घन अन्न गिळता येत नाही. तिच्या घशातून फक्त पातळ जातं. घन अन्न पचवतात ते मोठे डिंभक, म्हणजे मुंगीची बाळं. मोठ्यांनी तुकडा बाळाच्या तोंडाशी ठेवायचा, बाळाने तो पचवायचा आणि त्याचा रस मोठ्यांनी घ्यायचा. घरातलं पोट म्हणाल तर ते पाळण्यात असतं.

बी खाणाऱ्या मुंग्यांवरची आपल्या दख्खनमधली निरीक्षणं जुनी आहेत आणि चांगली आहेत. कर्नल साइक्स हा मुंबई सरकारचा आकडेवारी गोळा करणारा अधिकारी. 1829 च्या जूनमध्ये पुण्याच्या परेड मैदानाजवळ फिरताना त्याला गवताच्या बियांचे मूठमूठभर ढीग ठिकठिकाणी दिसले. मुंग्या जमिनीखालच्या कोठारातून बी वर आणत होत्या. पहिल्या पावसात भिजलेलं बी ऊन पडताच वाळवायला काढलं असावं, असा त्याने अंदाज केला. 1835 मध्ये त्याने हे छापलं आणि त्या मुंगीला प्रॉव्हिडेन्स, म्हणजे पुढची तजवीज करणारी, असं नाव दिलं. त्या वेळी युरोपातल्या पंडितांचा कल असा होता की मुंग्या धान्य साठवतात ही जुन्या लोकांची दंतकथा. उन्हाळ्यात सांडगे-पापड वाळवणाऱ्या कुठल्याही आजीने साइक्सवर ताबडतोब विश्वास ठेवला असता.

ही साइक्सची मुंगी आगमुंगी नव्हे, ती फेडोली प्रजातीतली. पण त्याच लेखातला एक दुसरा प्रसंग सांगतो. घरातल्या टेबलावर मिठाई ठेवायची आणि मुंगळे येऊ नयेत म्हणून टेबलाचे पाय पाण्याच्या भांड्यात ठेवायचे. मुंगळे ते पाणीही ओलांडून येत. एक मुंगळा तर भिंतीवर चढून वरून नेमका टेबलावर पडताना साइक्सने पाहिला. आता याच्या तीनशे वर्षं आधीचा, जगाच्या दुसऱ्या टोकाचा प्रसंग ऐका. कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटावर 1518-19 च्या सुमाराला मुंग्यांचा कहर झाला. बागा वाळल्या, घरांत राहणं अशक्य झालं. बार्तोलोमे द लास कासास या स्पॅनिश धर्मगुरूने लिहून ठेवलंय की लोक पलंगाचे पाय पाण्याच्या भांड्यात ठेवून झोपत. शेवटी त्यांनी चिठ्ठ्या टाकून एक संत निवडला आणि त्याला साकडं घातलं. ती मुंगी कोणती, हे कोडं मुंग्यांचा मोठा अभ्यासक ई. ओ. विल्सन याने 2005 मध्ये सोडवायचा प्रयत्न केला आणि त्याचं बोट आपल्या याच आगमुंगीवर गेलं. त्याची मांडणी अशी की मुंगी तिथली जुनीच होती, नवीन आले होते ते रस शोषणारे किडे, केळीच्या रोपांबरोबर. ते किडे गोड चिकटा सोडतात, मुंग्या तो पितात आणि बदल्यात त्यांची राखण करतात. बागा वाळवल्या किड्यांनी; लोकांना दिसल्या मुंग्या.

आपल्या शेतकऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. कपाशीवर मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसतो आणि त्याच्यावर मुंग्यांची रांग असते, तेव्हा रांग हे दुखण्याचं लक्षण असतं. मुंग्या मारून मावा जात नाही. उलट ही आगमुंगी किडींची अंडी आणि कोषही फस्त करते; फिलिपिन्सच्या भातशेतीत तिची नोंद किडींची शत्रू म्हणून झालेली आहे. पण पेरलेलं ज्वारीचं बी ओढून नेणं, कोवळ्या रोपाची साल खरवडणं हेही तीच करते. आणि ठिबकची नळी! हवाईच्या उसाच्या मळ्यांत मुंग्यांनी ठिबकच्या नळ्या कुरतडल्याचा अभ्यास 1970 च्या दशकात झाला, त्यात ही जात होती. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, गादीवाफा आणि ठिबक आता सगळीकडे आहे. नळीला बारीक भोकं पडली तर दर वेळी खारीवर आळ घेऊ नका.

बाकीच्या लाल मुंग्या झपाट्याने सांगतो. स्वयंपाकघरातली अगदी बारीक, पिवळट-लाल, दोन मिलिमीटरची, ती फॅरो मुंगी. तिला लिनीयसने 1758 मध्ये इजिप्तच्या राजाचं नाव दिलं. ती मुळात उष्ण आशियातली असावी, असं आता मानतात. तिच्याहून जरा मोठी, डोकं-छाती तांबूस आणि पोट काळपट, विजेच्या तारेचं आवरण आणि कपडे कुरतडणारी, ती ट्रायकोमिर्मेक्स डिस्ट्रक्टर. हे नावही जर्डनचं, 1851 चंच. आगमुंगीपासून या दोघी वेगळ्या करायला शृंगिकेची पेरं मोजा: इथे बारा असतात आणि टोकाच्या गदेत तीन. बाभळीवरची लांबट, सेंटिमीटरभराची, डोकं आणि पोट काळं पण छाती विटकरी लाल, ती टेट्रापोनेरा रूफोनायग्रा. ही रांगेत चालत नाही, झाडाच्या पोकळीत राहते, आणि तिचा डंख आगमुंगीपेक्षा पुष्कळ वाईट. तीही जर्डनचीच. भुईमूग-बटाट्याच्या मुळाशी सापडणारी डोरिलस. तिच्या कामकरी मुंगीला डोळेच नसतात. तत्त्वार्थसूत्राची त्रींद्रिय मुंगी तंतोतंत हवी असेल तर ती हीच. तिचे नर मात्र डोळ्यांचे, पंखांचे आणि फुगीर पोटाचे. पहिल्या पावसात दिव्यावर येऊन आपटतात आणि लोकांना त्या गांधीलमाशा वाटतात.

डंखाबद्दल थोडं, कारण हा प्रश्न येणारच. जागा साबणाच्या पाण्याने धुवावी, गार पाण्याची पट्टी ठेवावी, फोड आला तर फोडू नये. ओठ-चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला तर घरगुती उपाय बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा. पावडरीबद्दल विचाराल तर ती बाहेर फिरणाऱ्यांना मारते आणि राणीपर्यंत पोचत नाही. मुंग्यांनी स्वतः घरात नेऊन भरवावं असं सावकाश मारणारं आमिष जास्त उपयोगी पडतं. पण ते कशात कालवायचं? गोडात की तेलात? बी दळणारी आगमुंगी तेलकटावर धावते, मुंगळा गोडावर. मुंगी कोणती हे ठरल्याशिवाय आमिषही ठरत नाही.

आता जर्डनची ती गोष्ट. त्याने वर्णनं लिहिली, पण ज्या मुंग्यांवरून लिहिली ते नमुने टिकले नाहीत. त्याची काही नावं कोणत्या मुंगीला लावायची, हे त्यामुळे अजून ठरत नाही. वर्णनात असतं काय, तर रंग, लांबी आणि घराची जागा. पुढे वनखात्यातला रॉटन, स्वित्झर्लंडचा फोरेल यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून काम पुढे नेलं, 1903 मध्ये बिंगहॅमचा जाडजूड ग्रंथ आला. 2016 च्या यादीत भारतातल्या मुंग्यांच्या जाती-उपजाती 828 भरल्या. त्या यादीत राज्यवार नोंदी आहेत. राज्य म्हटलं की महाराष्ट्रात पुणे, सह्याद्री आणि कोकण पुढे असतात, कारण अभ्यासक तिकडे राहत होते; आपला भाग मागे राहतो.

म्हणून शाळांतल्या विज्ञान शिक्षकांना एक काम सांगतो. झाकणाची छोटी बाटली घ्या, तीत सत्तर टक्के अल्कोहोल. एका वारुळातल्या दहा-पंधरा मुंग्या पुरेत, पण लहान-मोठ्या सगळ्या मापांच्या हव्यात. फक्त लहान उचलल्या तर सगळ्यात बोलकं डोकंच राहून जातं. दोन वारुळांच्या मुंग्या एका बाटलीत मिसळू नका. चिठ्ठी बाटलीच्या आत टाका आणि ती शिसपेन्सिलीने लिहा, शाई अल्कोहोलमध्ये उतरते. चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, आणि मुंगी कुठे मिळाली ते: हळदीचा वाफा, बाभळीचं खोड, धान्याची कोठी. रंगही लिहा, अल्कोहोलमध्ये तो फिका पडतो. मंदिराच्या आवारातल्या मुंग्या अर्थातच मारायच्या नाहीत. तिथे भिंगाखाली जिवंत बघून सोडून द्या आणि फोटोवर भागवा. बाकीच्या बाटल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात दाखवता येतील, किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्राकडे, आकुर्डीला, पत्र लिहून विचारता येईल. पाठवण्याआधी शृंगिकेची पेरं मुलांकडून मोजून घ्या. दहा भरली तर चिठ्ठीच्या मागे तेवढा आकडा लिहा.